समन्वय बैठकीला जावे का? आरोग्य विभाग आणि संस्था यांच्या एकत्र कामाविषयी

एका आदिवासी तालुक्यात माता-बाल आरोग्यावर काम करणाऱ्या छोट्या संस्थेच्या कार्यकर्तीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्ह्याच्या आरोग्य विभागाकडून दर वर्षी 'सामाजिक संस्थांसमवेत समन्वय बैठक' या विषयाचे पत्र येते, तेही दोन-तीन दिवस आधी. विषयपत्रिका जोडलेली नसते. बैठकीत विभागाच्या कामगिरीचे सादरीकरण होते, प्रत्येक संस्थेला पाच मिनिटे बोलायला मिळते, हजेरीपत्रकावर सह्या होतात, फोटो निघतो आणि पुढे वर्षभर काही घडत नाही. गेलो तर 'संस्थांना विश्वासात घेतले' असे कागदावर येते, न गेलो तर 'संस्था सहकार्य करत नाहीत' असे ऐकावे लागते. या वर्षीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. जावे का, आणि गेलो तर काय करावे?

जावे. मात्र त्या दोन तासांत काही ठरेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नये. लोकाधारित देखरेखीच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवांवर लोकांनीच लक्ष ठेवण्याच्या कामात मी गावसमितीपासून राज्यपातळीवरच्या बैठकांपर्यंत बसलो आहे, बहुतेक वेळा संस्थेच्या बाजूने आणि काही काळ विभागाच्या प्रशिक्षणांत शिकवणारा म्हणून. बैठकीत जे मान्य होते, ते जवळजवळ नेहमी बैठकीआधीच तयार झालेले असते, असे मी पाहत आलो आहे. त्यासाठी तुमच्या हातात गावाने तपासलेली स्वतःची माहिती लागते. शिवाय प्रत्येक मागणी, ती मान्य करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याच्यासमोर आणि पैशाची तरतूद अजून हलवता येते अशा महिन्यात मांडावी लागते. हे जमले तर रुक्ष बैठकीतूनही काही पदरात पडते. ते नसेल तर जिल्हाधिकारी स्वतः अध्यक्षस्थानी असले तरी चहापानापुढे गाडी सरकत नाही.

माहितीपासून सुरुवात करतो. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा त्याच्या आराखड्यातच सेवांवर लोकांनी देखरेख ठेवण्याची तरतूद होती. २००७ मध्ये नऊ राज्यांत ती प्रायोगिक पातळीवर अमलात आली. महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचा धाराशिव), पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे निवडले गेले. प्रत्येक जिल्ह्यात ३ तालुके, तालुक्यात ३ प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि प्रत्येक केंद्राच्या हद्दीतील ५ गावे, म्हणजे एकूण २२५ गावे, अशी रचना होती. राज्याचे समन्वयन पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे होते आणि जिल्ह्या-तालुक्यात त्या-त्या भागात आधीपासून रुजलेल्या संस्था काम पाहत होत्या. पुढे जिल्ह्यांची संख्या वाढली आणि 'देखरेख' या शब्दाला 'नियोजन' हा शब्दही जोडला गेला. गावापासून राज्यापर्यंत प्रत्येक पातळीवर समिती असावी आणि तिच्यात लोकप्रतिनिधी, आरोग्य कर्मचारी, संस्था आणि गावकरी एकत्र बसावेत, ही त्यामागची कल्पना होती.

या सगळ्यात सर्वाधिक उपयोगाचे ठरले ते गावाचे प्रगतिपत्रक. लसीकरण, गरोदरपणातील तपासणी, बाळंतपणानंतरच्या भेटी, आरोग्य केंद्रातील वागणूक आणि औषधे, गावाला मिळणाऱ्या निधीचा वापर अशा विषयांपुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा असे. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही तो तक्ता एका नजरेत समजत असे. मात्र त्या तक्त्यापेक्षा तो भरताना होणारी चर्चा मला मोलाची वाटते. एका पाड्यावर 'सिस्टरची गावभेट' या ओळीला कोणता रंग द्यायचा यावर बायकांमध्ये चांगलाच वाद झाला होता. दोघी-तिघी म्हणाल्या, लाल द्या, कारण पावसाळ्याचे तीन महिने सिस्टर फिरकलीच नाही. त्यावर एक वयस्क बाई म्हणाली की ओढ्याला पाणी आले की आपला माणूसही पलीकडे जात नाही, मग तिने यायचे कसे? शेवटी रंग पिवळा ठरला आणि शेऱ्यात लिहिले गेले की पावसाळ्यापुरती लसीकरणाची जागा ओढ्याच्या अलीकडच्या शाळेत घ्यावी. तालुक्याच्या बैठकीत हीच गोष्ट आम्ही 'परिचारिका येत नाही' अशा तक्रारीच्या रूपात नेली असती, तर सिस्टरला कारणे दाखवा नोटीस निघाली असती आणि पुढच्या पावसाळ्यातही पाडा लसीकरणाविना राहिला असता. आम्ही जागाबदलाची सूचना नेली. ती वैद्यकीय अधिकाऱ्याच्या अधिकारातली होती, त्यामुळे बसल्या बैठकीत मान्य झाली.

याच कारणाने गावाच्या माहितीत कर्मचाऱ्यांच्या अडचणींनाही जागा असू द्या. उपकेंद्राच्या निवासाचे छत गळते, वीजजोडणी तुटली आहे, आशाताईंचा मोबदला थकला आहे, या गोष्टी सिस्टर आणि आशा वरिष्ठांपुढे मांडायला कचरतात. गावाच्या कागदावर त्या आल्या की मांडणारा गाव असतो. पहिल्या फेरीत जे कर्मचारी आमच्याकडे तपासनीसाकडे पाहावे तसे पाहत होते, त्यांच्यातलेच काही पुढे 'आमच्याही केंद्राचे पत्रक करा' म्हणून निरोप पाठवू लागले. हे सगळीकडे घडले असे मात्र मी म्हणणार नाही. जिथे केंद्रात पैसे घेण्याची सवय मुरली होती, तिथे विरोध शेवटपर्यंत राहिला.

आता अधिकाराची पातळी. माझ्या मते सल्लामसलत फसण्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी बोलले जाणारे कारण हेच आहे. महाराष्ट्रात उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे असतात. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतात. गावातल्या माणसाला हे सगळे 'सरकारी दवाखाना' म्हणूनच ठाऊक असते, आणि तसेच असायला हवे. पण संस्थेने जिल्हा परिषदेच्या बैठकीत ग्रामीण रुग्णालयातील रात्रीच्या डॉक्टरचा प्रश्न काढला, तर समोरचा अधिकारी प्रामाणिकपणे सांगतो की तो माझ्याकडे नाही, आणि तुमची पाच मिनिटे तिथेच संपतात. तुमचे निम्मे प्रश्न रुग्णालयाविषयीचे असतील, तर बैठकीला शल्यचिकित्सकांचा प्रतिनिधी असावा असे आधीच लेखी कळवा. अंगणवाडी आणि पोषणाचा विषय असेल तर एकात्मिक बाल विकास योजनेचे अधिकारीही हवेत, कारण ते वेगळ्या खात्याचे आहेत. आदिवासी भागात आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय हे आणखी एक दार असते.

पातळी ओळखायची म्हणजे नेमके काय करायचे, हे औषधांच्या उदाहरणावरून पाहता येईल. 'केंद्रात औषध नाही, बाहेरून आणायची चिठ्ठी देतात' ही सर्वांत जुनी तक्रार आहे. तिच्यामागे निदान तीन निरनिराळी कारणे असू शकतात. केंद्राने मागणीपत्रच वेळेवर पाठवले नसेल, तर उत्तर केंद्राचे वैद्यकीय अधिकारी देतील. मागणी गेली पण जिल्हा औषध भांडारातून माल सुटला नसेल, तर जबाबदारी जिल्ह्याची आहे. भांडारातच साठा नसेल, तर प्रश्न राज्याच्या खरेदीचा आहे. ही खरेदी २०१७ पासून हाफकिन महामंडळामार्फत होत होती आणि २०२३ च्या कायद्यानंतर ती स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाकडे गेली. साठ्याच्या नोंदी 'ई-औषधी' प्रणालीत असतात. बैठकीच्या आठवडाभर आधी चार-पाच औषधांची केंद्रातील आणि भांडारातील शिल्लक मागून घेतलीत, तर बैठकीत 'औषधे मिळत नाहीत' असे मोघम बोलावे लागणार नाही. अमुक औषध भांडारात असून केंद्रात का नाही, असे विचारता येईल. मोघम तक्रारीला मोघम आश्वासन मिळते. नेमक्या प्रश्नाला टाळाटाळ करायची झाली तरी ती उघडपणे करावी लागते. माहिती सहज मिळाली नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच. पण पहिल्याच भेटीत तो टेबलावर ठेवू नये असे माझे मत आहे. आधी साध्या पत्राने मागा, कारण पुष्कळदा औषधनिर्माण अधिकारी स्वतःहून रजिस्टर दाखवतात.

पैशाच्या बाबतीतही हीच शिस्त लागते. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला अभियानातून वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित, म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे खर्च करता येणारा निधी ठेवलेला आहे. आरोग्य केंद्रात रुग्ण कल्याण समिती असते. आयुष्मान आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्रांसाठी जन आरोग्य समितीची तरतूद आहे. तिचे अध्यक्षपद सरपंचाकडे असते आणि समुदाय आरोग्य अधिकारी सदस्य सचिव असतात. पेसा कायदा लागू असलेल्या अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी घटक कार्यक्रमाच्या निधीतील ५ टक्के वाटा थेट मिळतो. बसायला बाक, पिण्याच्या पाण्याची सोय, प्रसूतिकक्षाला पडदा, रात्रीच्या वेळी रुग्ण नेण्यासाठी गाडीभाडे, या मागण्यांसाठी जिल्ह्याच्या बैठकीची वाट पाहणे म्हणजे उगाच वेळ दवडणे आहे. त्या याच समित्यांत सुटतात, अट एवढीच की समितीची बैठक खरोखर व्हायला हवी आणि नोंदवही घरोघर फिरवून सह्या गोळा करण्याची प्रथा थांबायला हवी. २०२२ पासून अनेक जिल्हा परिषदांवर निवडणुकीअभावी प्रशासक बसले, तेव्हा सदस्यच नसल्याने काही ठिकाणी या समित्या आणखी निस्तेज झाल्या. अशा काळात ग्रामसभेचा ठराव हाच तुमचा सर्वांत भक्कम कागद ठरतो.

याहून मोठी मागणी, उदाहरणार्थ नवे पद, रुग्णवाहिका, प्रशिक्षण किंवा एखादा नवा उपक्रम, ही अभियानाच्या कार्यक्रम अंमलबजावणी आराखड्यात, म्हणजे ज्याला सगळे 'पीआयपी' म्हणतात त्यात यावी लागते. जिल्ह्याचा आराखडा साधारणपणे कॅलेंडर वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत तयार होऊन राज्याकडे जातो. अलीकडे तो दोन आर्थिक वर्षांचा एकत्रित असतो, त्यामुळे एक संधी चुकली की प्रतीक्षा लांबते. जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापकांना भेटून यंदाचे वेळापत्रक विचारून घ्या आणि तुमची सूचना कोणत्या लेखाशीर्षाखाली बसू शकते हेही त्यांनाच विचारा. चांगली सूचनाही फेब्रुवारीत मांडली, तर तिच्यावर 'पुढील आराखड्यात विचार करू' एवढाच शेरा पडतो, आणि त्यात अधिकाऱ्याची लबाडी असतेच असे नाही.

माहेरघराची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. दुर्गम भागातील गरोदर स्त्रीने बाळंतपणाच्या काही दिवस आधी आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावे, सोबत लहान मुले आणि एक नातलग असावी, जेवणाची सोय व्हावी, अशी ही योजना राज्याच्या आदिवासी जिल्ह्यांत आहे. कल्पना चांगली आहे. एका केंद्रात मात्र खोली बांधून तयार होती, खाटा होत्या आणि रजिस्टर जवळजवळ कोरे होते. विभागाचे अनुमान असे की बायकांमध्ये जागृती नाही, सबब जनजागृतीसाठी संस्थेने मदत करावी. संस्थेने भिंतीपत्रके लावण्याआधी त्या हद्दीतील पाड्यांवर जाऊन नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना विचारले. एकीने सांगितले की घरी शेळ्या आहेत आणि त्या सोडून आठ दिवस कुठे राहणार? दुसरीचे म्हणणे होते की सोबत सासू आली तर तिचीही मजुरी बुडते. आणखी एकीने सांगितले की तिथे जेवण मिळते पण ते बाहेरून डब्यात येते, आपली भाकर आपल्याला करता येत नाही, आणि चूल पेटवली तर ओरडतात. तिघींची कारणे तीन तऱ्हांची होती. शेळ्यांचा प्रश्न विभाग सोडवू शकत नव्हता, तो गावातल्या बायकांनी आपसांत पाळी लावून थोडाफार सोडवला. मजुरीचा प्रश्न योजनेतल्या तरतुदीचा आणि ती वेळेवर हातात पडण्याचा होता, म्हणून तो जिल्ह्यापर्यंत न्यावा लागला आणि तो पुरता सुटला असे म्हणता येणार नाही. चुलीचा प्रश्न मात्र वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आवारात एक पत्र्याचा आडोसा करून दिला तेव्हा मिटला. 'जागृती नाही' हे निदान तिन्हींपैकी एकाही कारणाला लागू पडत नव्हते. सरकारी यंत्रणेला संस्थेची खरी गरज असते ती इथे. योजना कागदावर आणि बाई पाड्यावर, या दोहोंच्या मध्ये नेमके काय अडते हे शोधून ते अधिकाराच्या भाषेत मांडणारे कोणीतरी लागते.

बैठकीच्या कागदपत्रांकडेही तितक्याच गांभीर्याने पाहा. इतिवृत्त लिहिण्याचे काम सहसा कनिष्ठ कर्मचाऱ्याकडे असते, तो बैठकीत अर्धा वेळ चहा आणि प्रोजेक्टरच्या मागे धावत असतो आणि नंतर मागच्या वर्षीच्या इतिवृत्तात तारीख बदलून मसुदा करतो. त्यात 'संस्थांच्या प्रतिनिधींनी समाधान व्यक्त केले' हे वाक्य आपोआप येते. यावर भांडत बसण्यापेक्षा संध्याकाळीच आपल्या बाजूने एक पानाचे टिपण पाठवावे. त्यात मुद्दा, बैठकीत ठरलेली कृती, करणाऱ्याचे पदनाम आणि मुदत एवढेच असावे, नावे आणि विशेषणे नकोत. पदनाम लिहायचे कारण असे की अधिकारी बदलून जातो, पद राहते. नव्वद टक्के वेळा तुमच्याच टिपणातील मजकूर इतिवृत्तात उतरतो, कारण लिहिणाऱ्याचे काम वाचते. आणि पुढच्या बैठकीचा पहिला विषय 'मागील बैठकीच्या इतिवृत्तावरील अनुपालन अहवाल' असावा, अशी मागणी लेखी नोंदवा. शासकीय कामकाजाची ही रूढ पद्धतच आहे, त्यामुळे तिला कोणी नकार देऊ शकत नाही. 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' या शेऱ्याला मुदत जोडून घेण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

जनसुनवाईविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण तो विषय निघेलच. लोकाधारित देखरेखीत जनसुनवाई हे सर्वांत प्रभावी आणि सर्वांत गैरसमज ओढवणारे साधन ठरले. केंद्राच्या आवारात मांडव घालून शंभर-दोनशे लोकांसमोर अधिकाऱ्याला उत्तरे द्यावी लागणे, हा कोणत्याही अधिकाऱ्याला रुचणारा प्रकार नाही. ज्या तक्रारी आधी केंद्राच्या आणि तालुक्याच्या पातळीवर मांडून झाल्या आहेत, ज्यांची लेखी पोच आहे आणि तरी उत्तर मिळालेले नाही, त्याच सुनवाईत आणाव्यात. अधिकाऱ्याला पहिल्यांदा मांडवातच कळणारी तक्रार म्हणजे अडवणूक झाली, आणि त्याचा सूड पुढे त्याच गावातील रुग्णाला भोगावा लागू शकतो. तक्रार करणाऱ्या बाईला नंतर त्याच सिस्टरकडून सुई टोचून घ्यायची असते, हे शहरातून आलेले पाहुणे पॅनेलिस्ट विसरतात. म्हणून सुनवाईनंतर पंधरा दिवसांत त्या गावाला पुन्हा जाऊन कोणाला त्रास झाला का हे पाहणे हा कार्यक्रमाचाच भाग समजावा. हे करण्याइतके मनुष्यबळ नसेल तर सुनवाई घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता एक अवघड प्रश्न, ज्यावर संस्थांमध्येच एकमत नाही. लोकाधारित देखरेखीचा निधी अभियानातूनच येत असे, म्हणजे ज्यांच्या कामावर देखरेख ठेवायची त्यांच्याच तिजोरीतून. शिवाय अनेक संस्था त्याच जिल्ह्यात विभागाचे एखादे काम चालवत असतात, जसे की प्रशिक्षण, सर्वेक्षण किंवा मोबाइल पथक. काही जण म्हणतात की सरकारी पैसा लोकांचाच आहे, तो घेऊन लोकांचे काम करण्यात गैर काय? तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. व्यवहारात मात्र मी असे पाहिले आहे की ज्या तालुक्यात संस्था सेवा चालवते, त्या तालुक्यातील अहवालाची धार कमी होते, आणि कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर कार्यकर्त्यांचे पगार अडकू नयेत या काळजीने. शक्य असेल तर सेवा एका तालुक्यात आणि देखरेख दुसऱ्या तालुक्यात करावी. तुमच्यासारख्या छोट्या संस्थेला ते शक्य नसेल, तर निष्कर्ष संस्थेच्या कागदावर न देता गावसमितीच्या ठरावातून जाऊ द्यावेत. ठराव गावाचा असला की संस्थेचा करार रद्द करून तो मिटवता येत नाही.

आणि गाव म्हणजे नेमके कोण, हेही तपासत राहावे लागते. विभाग संस्थेला 'समुदायाचा प्रतिनिधी' मानतो ते सोयीचे म्हणून. संस्थेनेही ते मुकाट्याने स्वीकारले, की पाड्यावरची बाई या साखळीतून गळते. मुख्य गावठाणातले सरपंच आणि पोलीस पाटील बोलतात ते खरे असते, पण दोन डोंगर पलीकडच्या पाड्याचे खरे वेगळे असू शकते. जिल्ह्याच्या ठिकाणी सकाळी अकराची बैठक असेल तर दुर्गम पाड्यावरच्या बाईला आदल्या दिवशी निघावे लागते. तिचे एसटीचे भाडे, मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांची तरतूद आधी करा. पावरी, भिली, कोरकू किंवा माडिया बोलणारीला मराठी सादरीकरणासमोर बसवून 'तुम्हाला काही सांगायचे आहे का' असे विचारणे हा शिष्टाचार झाला. तिचे म्हणणे तिच्या बोलीत ऐकून मराठीत मांडणारे माणूस शेजारी हवे, आणि ते तिने निवडलेले हवे. तालुक्याची बैठक आरोग्य केंद्रातच ठेवायची असेल तर बाजाराचा दिवस टाळा. लोक सहज येतील असे वाटते खरे, पण त्या दिवशी बाह्यरुग्ण विभाग गजबजलेला असतो आणि डॉक्टरांना उठता येत नाही.

'इतक्या छोट्या संस्थेच्या माहितीला कोण विचारतो' अशी शंका तुमच्या पत्रात डोकावते. २००१ मध्ये महाराष्ट्रातील १३ संस्थांनी एकत्र येऊन, आपापल्या गावांतील जन्म-मृत्यूंची मोजणी करून, 'कोवळी पानगळ' हा अहवाल मांडला. सरकारी नोंदींत बालमृत्यू प्रत्यक्षाहून फार कमी दिसतात, असे त्यांनी दाखवून दिले. विषय गाजला, आणि २००३ मध्ये शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. आकडे नाकारणाऱ्या यंत्रणेला ते मोजण्यासाठी टीकाकारालाच बोलवावे लागले. त्याआधी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली होती. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि नवजात बालमृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले. २०११ मध्ये केंद्र सरकारने गृहाधारित नवजात बालसंगोपनाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. आज तुमच्या गावातील आशाताई दवाखान्यातील बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन बाळाचे वजन आणि तापमान पाहते, ती पद्धत त्याच कामातून आली आहे. निष्कर्षांपासून देशाच्या धोरणापर्यंत पोहोचायला बारा वर्षे लागली, हेही लक्षात असू द्यावे. दोन्ही ठिकाणी बळ होते ते नोंदीच्या काटेकोरपणाचे. एकाही मृत्यूची नोंद ऐकीव असती, तर सगळे आकडे मोडीत काढायला तेवढे निमित्त पुरे झाले असते.

पुढच्या महिन्याच्या बैठकीपर्यंत हे सगळे जमणार नाही आणि जमवायला जाऊही नका. तीन गावांचे पत्रक करा, त्यातला एक पाडा सर्वांत दूरचा असू द्या. त्यांतून दोनच मुद्दे निवडा. एक असा, जो जिल्हा आरोग्य अधिकारी त्याच दिवशी मान्य करू शकतील, आणि दुसरा असा, ज्यासाठी आराखड्यात तरतूद लागेल. ते दोन्ही मुद्दे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून आधी सांगा, कारण वरिष्ठांसमोर अचानक उघडे पडलेले तालुका अधिकारी वर्षभर तुमचा फोन उचलणार नाहीत. भेटीनंतर जिल्ह्याला पत्र द्या. बैठकीच्या विषयपत्रिकेत हे दोन विषय घ्यावेत, शल्यचिकित्सक कार्यालयाचा आणि बाल विकास विभागाचा प्रतिनिधी बोलवावा, मागील वर्षीच्या इतिवृत्ताची प्रत मिळावी, अशी मागणी त्यात असू द्या. मागच्या वर्षीचे इतिवृत्त बहुधा मिळणार नाही, पण ते मागितले गेले आहे एवढ्यानेही यंदाचे जरा जपून लिहिले जाते. पत्र आवक-जावक टेबलावर देऊन शिक्का मारलेली पोच घ्या आणि एक प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या कार्यालयातही द्या.